याकूबभाऊंच्या नावावरचा चाकू

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, शाळेतल्या कुणालाच नाही. तुम्हालाही शेवटपर्यंत सांगेन की मध्येच थांबेन, माझं मलाच ठाऊक नाही. पण बसले आहे लिहायला, तर सुरुवात करते.

आधी याकूबभाऊंबद्दल सांगते. ते सोपं आहे.

खांडबाऱ्याच्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवते, तिथे याकूबभाऊ शिपाई होते. नवापूरकडच्या डोंगरातलं त्यांचं गाव, थोडी भातशेती, रविवारी न चुकता चर्च. तरुणपणी कडबा कापायच्या यंत्रात त्यांचा डावा हात मनगटापासून गेला. मी या शाळेत आले तेव्हा मला ते चार दिवस कळलंच नाही — खरंच सांगते. माणूस इतका सहज वावरायचा! सुई टेबलाच्या फटीत उभी रोवून एका हाताने दोरा ओवायचे. झेंड्याची दोरी एका हाताने अशी बांधायचे की हेडसरांनी ओढली रे ओढली की गाठ सुटून फुलं खाली यायची. कधी अडकली नाही. माझ्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या ते धुवायचे, आणि फुटायच्या त्या माझ्या हातून, दोन हात असलेल्या बाईच्या.

एकच गोष्ट त्यांना जड जायची — घडीचा चाकू उघडणं. पोषण आहाराच्या तांदळाची पोती आली की सुतळी कापायला ते खिशातून चाकू काढत, मूठ दातांत धरत आणि अंगठ्याच्या नखाने पातं ओढत. एकदा पातं निसटून ओठाला लागलं. त्यांनी शर्टाच्या बाहीला ओठ पुसला, पोतं उघडलं, तांदूळ मापून दिला. मी व्हरांड्यातून बघत होते. फार वाईट वाटलं मला. हे वाईट वाटणं खरं होतं, एवढं लक्षात ठेवा. कारण पुढे मी त्याचा जो उपयोग केला —

थांबा. आधी माझ्याबद्दल.

मला चाकू आवडतात. हसलात ना? म्हणूनच कुणाला सांगत नाही. माहेरी, धानोऱ्याला, लहानपणी मी वडिलांचा चाकू उघडत-मिटत बसायची, आणि आई तो हातातून काढून घ्यायची. लग्नानंतर एकदा नंदुरबारच्या बाजारातून एक छान पितळी मुठीचा चाकू आणला, तर नवरा म्हणाला, "घरमा इळी शे ना, मंग चाकू कसाले लागस तुले?" रागावून नाही, हसूनच म्हणाला. सासूही हसली. त्या दिवसापासून माझे चाकू कपाटात साड्यांच्या घड्यांमध्ये राहायला लागले. बाईमाणसाला, त्यात मास्तरीणबाईला, हे कसलं वेड?  

मग एक दिवस मोबाईलवर तो दिसला. परदेशी. तळहातात मावेल एवढा, गडद हिरव्या मुठीचा. पात्याच्या बुडाशी एक छोटा खुंट असतो. अंगठ्याने तो जरासा ढकलायचा, आणि उरलेलं काम आतली स्प्रिंग करते. पातं आपणहून पुढे येऊन टक् करून बसतं. आपल्याकडे गुंड लोकांचे बटणाचे चाकू असतात, तसा नाही बरं. त्यात बटण दाबलं की पातं उडतं. यात सुरुवात माणसानेच करायची, चाकू फक्त मदत करतो. किती सुंदर कल्पना आहे! मी तो व्हिडिओ पन्नास वेळा तरी पाहिला असेल.

आणि नियमही वाचले. हे महत्त्वाचं आहे. तीन संध्याकाळी बसून वाचले. बटणाचे, स्प्रिंगने उडणारे चाकू बाहेरून आणण्यावर बंदी असते. पण हा त्यात धरायचा की नाही, याबद्दल कुणीच ठाम सांगत नव्हतं. कस्टमवाले अडवू शकतात, विचारू शकतात, एवढं मला पुरतं कळलं होतं. म्हणून मी काय केलं? तो मागवताना वस्तूचं वर्णन लिहायच्या जागी लिहिलं — स्वयंपाकघरातली वस्तू. आणि नावाच्या जागी याकूबभाऊंचं नाव घातलं. त्यांना म्हटलं, तुमच्या नावावर माझं एक पार्सल येईल, सही करून ठेवा. त्यांनी काय आहे हेसुद्धा विचारलं नाही. माझ्या घरी आलं असतं तर सासूने उघडलं असतं, पुन्हा सगळे हसले असते. एवढ्यासाठी. फक्त एवढ्यासाठी.

पार्सल आलं नाही, पत्र आलं. ते मुंबईऐवजी सुरतेला कसं उतरलं मला माहीत नाही, पण सुरतेच्या कस्टमने अडवलं होतं आणि समक्ष येऊन खुलासा करा म्हणून कळवलं होतं. पत्र इंग्रजीत. याकूबभाऊ ते माझ्याकडेच आणत होते, वाटेत हेडसर भेटले आणि त्यांनी वाचलं. शाळेचा कर्मचारी, आणि बाहेरून स्प्रिंगचा चाकू मागवतो! हेडसर घाबरूनच गेले. सगळ्यांसमोर स्टाफरूममध्ये त्यांनी याकूबभाऊंना विचारलं की हे तुमचंच का. मी तिथेच बसले होते, सहामाहीचे पेपर तपासत.

याकूबभाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खाली पेपरात पाहिलं.

ते म्हणाले, "पार्सलवर माझं नाव आहे ना सर. मग माझंच."

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी त्या पेपराला दहापैकी सात दिले, मग सहा केले, मग पुन्हा सात. हेडसरांनी त्यांना लेखी ताकीद दिली. आणि गंमत बघा — सुरतेला यांच्यासोबत इंग्रजी येणारं कुणीतरी पाठवायचं म्हणून त्यांनी मलाच पाठवलं.

गाडीत जाताना मी बोलायचं टाळलं. याकूबभाऊ खिडकीबाहेर बघत होते. 

सुरतेच्या ऑफिसात अधिकारी एक बाई होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी पाकिटातून चाकू काढला, एका अंगठ्याने उघडला, पातं उजेडात फिरवून पाहिलं आणि काम छान आहे म्हणाल्या. सहज. जशी एखादी बाई साडीचा काठ बघून म्हणेल तशी. मला तिथेच रडू यायचं बाकी होतं. मग त्यांनी याकूबभाऊंचा तुटका हात पाहिला, आणि चाकू मिटून त्यांच्यापुढे ठेवला.

लक्षात घ्या, याकूबभाऊंनी तो चाकू आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. अंगठ्याला खुंट सापडला. टक्. दात नाहीत, नख नाही. त्यांनी मिटला, पुन्हा उघडला.  मी बरीच वर्षं शिकवते आहे, पण एखादी गोष्ट माणसाला अशी कळताना मी पुन्हा पाहिली नाही.

बाईंनी विचारलं, याचा उपयोग काय. त्यांनी आपल्या हिंदीत सांगितलं — पोती, सुतळी, कुंपणाच्या दोऱ्या, दातात चाकू धरणं, ओठ. जेवढं खरं होतं तेवढंच. नियम माहीत होता का, या प्रश्नाला म्हणाले, नव्हता. तेही खरंच. मग बाईंनी फॉर्म पुढे सरकवला: हे स्वयंपाकघरातली वस्तू म्हणून कुणी लिहिलं? याकूबभाऊंनी फॉर्मवरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. "माझ्या नावावर आहे, तर माझंच धरा," म्हणाले. त्या दिवशी त्या माणसाने एकही खोटं वाक्य उच्चारलं नाही. मी एकही खरं उच्चारलं नाही.

बाईंनी चाकू परत पाकिटात ठेवला. त्या कठोर नव्हत्या. म्हणाल्या, याला बटण नाही, म्हणजे हा सरळ बंदीतला नाही. कुणासाठी आणि कशासाठी हे सरळ लिहिलं असतं, तर हात बघून मीच वर शिफारस केली असती. पण वर्णन खोटं दिलं, आता वस्तू जप्त. याकूबभाऊंनी सही केली.

इथे संपलं असतं तर कदाचित मी हे कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. पण परतीच्या गाडीत, नवापूर जवळ आलं तेव्हा, ते मला हळूच म्हणाले, "मॅडम, चाकू फार भारी होता." मग विचारलं, तुम्हाला कशाला पाहिजे होता?

आणि मी म्हणाले, "तुमच्यासाठीच मागवला होता, भाऊ. आधी सांगायचं नव्हतं, म्हणून."

हे ते. हेच सांगायचं होतं मला.

त्यांचे डोळे भरून आले. एका हाताने त्यांनी मला नमस्कार केला, छातीशी धरून. मी तो घेतला.

पुढच्या वर्षी प्रयोगशाळा परिचराची जागा निघाली. माझ्याच प्रयोगशाळेत. त्यांच्याइतकं लायक कुणी नव्हतं, पण फाइलमध्ये ती ताकीद होती, आणि जागा दुसऱ्याला गेली. त्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. मीही नाही.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात बोलायला उभे राहिले. भाषणाची सवय नाही, चार वाक्यं बोलले. म्हणाले, या शाळेत सगळ्यांनी मला मान दिला. पण एका मॅडमने माझ्या एका हाताला काय लागतं याचा विचार केला, परदेशापर्यंत शोधलं. "वस्तू मिळाली नाही, पण कोणीतरी शोधली, एवढं मला पुष्कळ आहे." त्यांनी माझ्याकडे हात केला, तसे सगळे वळून टाळ्या वाजवायला लागले. हेडसरांनी डोळे पुसले. त्या ताकिदीची आठवण कुणालाच झाली नाही. मी उठून उभी राहिले आणि हात जोडले.

दर दिवाळीनंतर त्यांची बायको घरच्या नव्या तांदळाची पिशवी माझ्यासाठी पाठवते. त्या चाकूबद्दल. यंदाही आली. तांदूळ फार सुवासिक असतो. आम्ही रविवारी खाल्ला.