आठव्या चौकोनातलं घर

टाउनशिप म्हणजे कुवेतमधलं अहमदी, एवढंच मला माहीत होतं. बाबा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत टेक्निशियन, त्यामुळे लहानपणी शुक्रवारी आम्ही कधीकधी तिकडे फिरायला जायचो. कंपनीने वसवलेलं गाव, एकसारखी घरं, रांगेत लावलेली झाडं. म्हणून बाईंनी पहिल्यांदा ‘टाउनशिप’ हा शब्द उच्चारला तेव्हा मला वाटलं, त्याही अशाच कुठल्यातरी कॉलनीत वाढल्या असतील. तिथे स्विमिंग पूल होता का, असं मी विचारलं. बाई हसल्या. आजारपणानंतर त्या पहिल्यांदाच हसल्या, असं त्यांच्या मुलीने मला नंतर सांगितलं.

बाई मूळच्या अमेरिकेतल्या आयोवाच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. कॉलेजात शिकायला आलेल्या एका कुवेती मुलाशी त्यांनी लग्न केलं आणि त्या इकडे आल्या. पुढचं सगळं आयुष्य इथेच गेलं. मुलं झाली, नवरा गेला, अरबी त्यांना सासूइतकीच चांगली येत होती म्हणे. मग स्ट्रोक आला. त्यात अरबी पूर्ण गेली आणि इंग्रजी तुकड्यातुकड्यांत उरली. मी स्पीच थेरपिस्ट. क्लिनिकने मला त्यांच्या घरी पाठवलं, आठवड्यातून तीन दुपारी. मॅडम म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही आणि नावाने हाक मारणं मला जमायचं नाही, म्हणून मी त्यांना कधी कशानेच हाक मारली नाही. इथे बाई म्हणते.

माझ्या या नोकरीची आईला फार गंमत वाटते. ती इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, तिचा दिवसभर बोलून घसा बसतो. “पाहुणे आले की खोलीत जाऊन बसते, आणि पगार कशाचा घेते, तर लोकांना बोलतं करण्याचा,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मी उत्तर दिलं तर इंग्रजीत देते, आणि मग ती आणखी हसते.

बाईंना चित्रांची कार्डं दाखवून उपयोग होत नव्हता. सफरचंद, किल्ली, छत्री. त्या मान फिरवत. पण एकदा पाण्याचा ग्लास त्यांच्या हाताला लागेना, तेव्हा त्यांनी स्पष्ट शब्दांत मला तो जरा उत्तरेला सरकवायला सांगितला. मला उत्तर कुठे ते कळेना. आमच्या फ्लॅटमध्ये मला पूर्व कळते ती आईच्या देव्हाऱ्यामुळे. त्यांच्या दिवाणखान्यात असं काही नव्हतं. मी ग्लास एकेका बाजूला सरकवून पाहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाईंचे शब्द दिशांमध्ये, त्यांच्या गावाकडच्या वाटांवर शिल्लक आहेत.

पुढच्या खेपेला मी टॅबलेटवर उपग्रहाचा नकाशा उघडून त्यांच्या पुढ्यात धरला. त्यांच्या शेताजवळच्या गावाचं नाव मुलीने सांगितलं होतं. तिथून पुढे बाईंच्या बोटाने वाट धरली.

वरून बघितलं तर ती जमीन म्हणजे चौकडीच्या वहीचं पान. एकेका मैलाचा चौकोन, असे सहा आडवे, सहा उभे, मिळून एक टाउनशिप. तिथे माणसं येऊन राहायच्या आधीच सरकारी मोजणीदारांनी साखळ्या टाकून हे चौकोन आखले. आधीच्या रहिवाशांना तिथून घालवलं होतं, हेही बाईंनी सांगितलं, एकाच शब्दात आणि हाताने केर लोटल्यासारखं करून. चौकोनांचे आकडे उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू होतात, डावीकडे जातात, खालच्या ओळीत वळून उजवीकडे येतात, बैल नांगराला जुंपून शेताच्या टोकाला वळवावेत तसे. सोळावा चौकोन शाळेसाठी राखलेला. बाईंचं घर आठव्यात.

हे सगळं मला एका दुपारी कळलं नाही. एका शब्दासाठी कधी पाच मिनिटं जायची. जमीन दलदलीची होती, शेतकऱ्यांनी मातीच्या नळ्या पुरून पाणी काढून दिलं, मग काळी माती वर आली. ‘काळी’ म्हणताना बाई चिमटीत माती चुरल्यासारखं करत. शाळा बंद पडली, तिथे टाउनशिपच्या सभा भरू लागल्या. रेल्वे आली आणि गेली. गावाहून सरळ उत्तरेला जाणारा रस्ता टाउनशिपच्या सीमेवर अचानक संपतो, थोडं डावीकडे जावं लागतं, मग पुन्हा उजवीकडे वळून उत्तरेला. असं का, हे सांगायला त्यांना आठवडा लागला. पृथ्वी गोल आहे, चौकोन तिच्यावर नीट बसत नाहीत, म्हणून मोजणीदारांना अधूनमधून रेघ सरकवून घ्यावी लागली. हे पूर्ण वाक्यात सांगून झालं तेव्हा बाई दमून मागे टेकल्या. कुवेतच्या गोल रिंग रोडवर आपल्याला कधी दिशा कळली नाही, असंही त्या म्हणाल्या.

बाईंची मुलगी शहरात, शर्क भागातल्या एका ऑफिसात काम करते. संध्याकाळी येऊन ती दारात उभी राहून ऐकायची. त्या दिवशी तिने मला बाहेर बोलावलं.

“रस्ते दाखव, शाळा दाखव. घरापर्यंत जाऊ नकोस,” ती म्हणाली. तिच्या मामाने शेत विकून टाकलं होतं. ज्याने घेतलं त्याने घर पाडलं, झाडं काढली, वरून नांगर फिरवला. मामाने फोनवर कळवलं, आईला सांगू सांगू म्हणेपर्यंत स्ट्रोक आला. “आता कुठे ती बोलायला लागलीय.”

मी घरी जाऊन नकाशा पाहिला. आठव्या चौकोनात काहीच नव्हतं. पिकाच्या हिरव्यात एक जागा किंचित फिकट होती, आणि ती मला माहीत होतं म्हणून दिसली.

आईला सांगितलं तर ती कणीक मळता मळता म्हणाली, “नातेवाईक सांगतील तेवढंच बोलायचं. आपण तिथे पगारावर आहोत.” थोड्या वेळाने तिने विचारलं, “विचारते का गं ती? घराचं?”

विचारत नव्हत्या, कारण त्यांना विचारताच येत नव्हतं. या आजारात बऱ्याच जणांचे प्रश्न उशिरा परत येतात. बाई सांगू शकत होत्या, नाकारू शकत होत्या, पण प्रश्न करता येत नव्हता. माझं काम त्यांना तिथपर्यंत नेण्याचं होतं.

मी दर खेपेला वळणापाशी काहीतरी कारण काढायचे. नेट गेलं, बॅटरी संपली. मग एका दुपारी बाईंनी टॅबलेट स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. बोट वळणावर डावीकडे गेलं, उजवीकडे वळलं, शाळेचं छप्पर मागे टाकून पुढच्या मैलात शिरलं आणि थांबलं. नुसतं हिरवं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “चुकलीस तू,” त्या म्हणाल्या. “रस्ता चुकलीस.”

बोट त्यांचं होतं. मी म्हटलं, “हो, चुकले.”

आम्ही गावापासून पुन्हा निघालो. त्यानंतर दर दुपारी निघायचो, दर दुपारी तिथेच पोचायचो, आणि दर दुपारी मी रस्ता चुकलेली असायचे. चौकोन सगळे सारखे दिसतात, चुकू शकतं माणूस. दरम्यान बाई घर सांगत राहायच्या, मला पुढच्या वेळी ओळखता यावं म्हणून. दक्षिणेला तोंड केलेला व्हरांडा, वारा अडवायला लावलेली झाडं, हाताने हापसायचा पंप. वाक्यं लांब होत गेली. क्लिनिकच्या डॉक्टरांनी माझं कौतुक केलं, इतकी सुधारणा त्यांना अपेक्षित नव्हती. आता प्रश्नांवर काम सुरू करा, ते म्हणाले.

मी मुलीला सांगून पाहिलं की आता लवकर सांगायला हवं. मला बोलायला नेहमीच वेळ लागतो, आणि ती फोनवर होती. तिने मान हलवली, पुढच्या शुक्रवारी सांगते म्हणाली. तो शुक्रवार गेला. मग मी एवढंच केलं की ‘कुठे’ हा शब्द शेवटी ठेवला. आधी ‘काय’ घेतला. मग ‘कोण’. चहा कोणी आणला, दार कोणी उघडलं. बाई आवाज शेवटी वर नेऊन विचारायच्या, चांगल्या विद्यार्थिनीसारख्या.

मग एके दिवशी मुलगी लवकर आली होती, चहाचा कप घेऊन आमच्याजवळ बसली होती. बाईंचं बोट नेहमीच्या वाटेने निघालं. वळण, शाळा, पुढचा मैल. हिरव्यावर थांबलं. मी ‘चुकले’ म्हणायला तोंड उघडलं.

“कोणी?” बाईंनी विचारलं. बोट त्या फिकट जागेवर होतं, नेमकं. “कोणी पाडलं?”

मी ‘कुठे’ची भीती धरून बसले होते.

मुलीने कप खाली ठेवला. ती आईचा हात धरून बोलायला लागली, भराभर, रडत, आणि अरबीत. तिला ते कळलंही नसावं. लहानपणापासून आईशी जिच्यात बोलली तीच भाषा तोंडात आली. बाई तिचे ओठ बघत होत्या. त्यांच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. मला अरबी दुकानापुरती येते, तरी ‘माझा मामा’ आणि ‘विकलं’ एवढं मला समजलं.

मुलगी थांबली. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग त्या माझ्याकडे वळल्या. शब्द अडला की त्या नेहमी माझ्याकडेच वळतात.

“कोणी?” त्यांनी मला विचारलं. आवाज शेवटी वर गेला होता, शिकवल्याप्रमाणे.