ड्रमरनं गायलेली कॅसेट

विलायतेतल्या एका बँडचा मी कॉलेजपासूनचा भक्त. वीस-वीस मिनिटांची गाणी, मध्येच बदलणारे ताल. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात हे पुढे कळलं. जळगावातल्या आमच्या ऑर्केस्ट्रात मी ड्रम वाजवायचो, त्यामुळे त्यांचा ड्रमर म्हणजे माझा देवच. आणि या देवानं त्या काळातच स्वतःची गाणी लिहून, स्वतः गाऊन एक अल्बम काढला होता, हे मला निवृत्तीनंतर मोबाइलवर कळावं? त्यांच्या गायकाच्या शिंका-खोकल्यासकट सगळं जगानं जपून ठेवलंय. या अल्बमखाली मात्र कोणा शहाण्यानं लिहिलेलं एकच वाक्य, ड्रमरनं ड्रमच वाजवावेत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काय हळवा आवाज होता त्याचा. कित्येक गाण्यांत तर ड्रम नाहीतच. ऐकताना मला रडू आलं. मागं बसून वाजवणारा माणूस लोकांना मुका वाटतो की काय?

भांडायला हक्काचं माणूस एकच, आमच्या ऑर्केस्ट्राचा गायक. तो आता धुळ्यात असतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेलो आणि दारातच गाणं लावून फोन त्याच्या हातात दिला. दोन ओळी ऐकून तो हसला, आत गेला आणि एक कॅसेट घेऊन आला. तोच अल्बम होता.

"ही तं मनाकडे तवयपासून शे," तो म्हणाला. आमच्या ऑर्केस्ट्राच्या दिवसांतच कोणाकरवी मुंबईहून मागवली होती म्हणे.

"मंग माले काबर दिधी नही?"

"तुले दिधी असती ना, तू बी गाऊ लागी जाता. मंग ड्रम कोण वाजाडता?"

हसत म्हणाला, पण ही चेष्टा नव्हती. दोंडाईचा असो की शिरपूर, प्रत्येक कार्यक्रमाआधी मी विचारायचो, आज एक गाणं मी म्हणू का? माझी स्वतःची दोन गाणी तयार होती. पुढच्या वेळी, तो म्हणायचा. बारा वर्षं हेच ऐकलं. शेवटी विचारणं सोडलं, मग गाणंही सुटलं. आणि या कॅसेटवरची अक्षरं तर हाताळून पार पुसली होती. लेकाच्यानं ती किती वेळा ऐकली असेल.

"घे आते," त्यानं कॅसेट पुढे केली. "आते काय फरक पडस."

मी घेतली नाही. त्या माणसाचं गाणं आता फोनवर मिळतं. माझं कुठे मिळणार?