गप्प बसलेले जंतू

माझं कोण ऐकणार? जंतू आपसात बोलतात, हे मी सगळ्या औरादला सांगितलं. एकानंही खरं मानलं नाही. जाऊ म्हणाली, उन्हात कमी फिर.

झालं असं, की आमच्या ह्यांच्या पायात तुरीचा खुंट घुसला. त्यात ह्यांना साखरेचा आजार. जखम चिघळली तर बोट काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणालेले. गोळ्या चालू होत्या. तेवढ्यात भाची सुनंदा बघायला आली. गुलबर्ग्याला जंतूंचंच शिकते ती.

"आत्या, जंतू थोडे असले की गप बसतात," ती म्हणाली. "प्रत्येक जण उलिसा रस सोडतो. रस दाट झाला की त्यान्ला कळतंय, आपण लई झालो. मग सगळे मिळून हल्ला करतेत."

"कोणत्या भाषेत बोलतेत गं?"

"घरच्यांशी एक, परक्या जंतूंशी दुसरी."

म्हणजे आमच्यासारखंच की! घरात मराठी, कचेरीत कन्नड. डोळ्याला न दिसणारा जीव, नि अक्कल बघा! माणसंही कमी नाहीत. जंतूंना न मारता त्यांचं बोलणंच तोडायचं, असं औषध शोधायलेत म्हणे. अजून दुकानात आलेलं नाही.

इथं माझं डोकं चाललं. जखम सुकत आली होती, म्हणजे जंतू थोडे उरले. थोडे असले की गप बसतात. मग गप बसलेल्यांना गोळ्या घालून कशाला छेडायचं? गोळ्या डब्यात गेल्या. "गोळी कामून न्हाई?" असं हे विचारायचे. तुम्हाला त्यातलं काय कळतंय, म्हणून मी गप करायची.

पाय भोपळ्यासारखा सुजला. जंतूंची सभा भरली होती, नि अंगण मीच झाडून दिलं होतं!

बिदरच्या दवाखान्यात जाऊ सुनंदाच्या नावानं बोटं मोडायला लागली. मी उलट डॉक्टरांनाच धरलं: थोडे जंतू गप बसतात ना, मग हे उठले कसे?

डॉक्टर हसले नाहीत. "पोरीचं खरं आहे. पण उरलेल्यांना पिल्लं होतात, हे सांगितलं नाही तिनं?"

सांगितलं असेल. मधेच मी उतू चाललेल्या दुधाकडं पळाले होते.

जखम साफ झाली, बोट वाचलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. आमच्यात नवराही बायकोचं नाव घेत नाही. लग्नातला उखाणा सोडला, तर ह्यांनी माझं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी हे खाटेवर उठून बसले आणि भरल्या वॉर्डात, खणखणीत आवाजात म्हणाले,

"सोजरबाई."