केंटे कोणासाठी?

मागच्या शनिवारी घानातल्या कुमासी शहरात होतो. आमच्या कतारमधल्या रास लफानच्या कंपनीने तिकडच्या एका प्लांटवर कॉम्प्रेसर अलाइनमेंटला, म्हणजे मशीनचे शाफ्ट एका रेषेत आणायला, पाठवलं होतं. काम दोन दिवस आधी आटोपलं, म्हणून बस पकडून एकटाच कुमासीला गेलो...

बाजार अफाट. मला बघायचं होतं हातमागावरचं केंटे. चार इंची पट्ट्या विणतात, मग त्या जोडून कापड करतात.

एका म्हाताऱ्या विणकरापाशी थांबलो आणि खिशातला स्टीलचा स्केल थेट त्याच्या पट्टीवर ठेवला. एका टोकाला चार इंच, दुसऱ्या टोकाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त. तसं सांगितलंही.

म्हातारा शेजारच्याला ओरडून म्हणाला, "इन्स्पेक्टर आलाय! गुड मॉर्निंग नाही, कसा आहेस नाही, थेट मोजमाप!"

चूक माझीच. तिथे आधी खुशाली विचारायची, मग कामाचं बोलायचं. माफी मागून पहिल्यापासून सुरुवात केली, तेव्हा कुठे स्टूल मिळालं.

"कोणासाठी हवंय?" मुलीसाठी. "तिला कोणते रंग आवडतात?" मी ठोकून दिलं, हिरवा.

आणि अडकलो... तिचा आवडता हिरवा फ्रॉक ती चौथीत असतानाचा. आज ती नाशिकला बँकेत आहे. मधली सतरा वर्षं मी कतारमध्ये.

ना डिप्लोमा, ना डिग्री, सगळं बघून बघून शिकलो. तरी मी घेतलेलं माप इंजिनिअर पुन्हा तपासत नाहीत. शाफ्ट मिलिमीटरचा शंभरावा भाग सरकला तरी मला कळतं.

मुलीला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. उत्तर आलं, "काहीही चालेल बाबा."

विणकराला तसं सांगितलं. त्याने मान हलवली. "'काहीही' रंगाचा धागा मी ठेवत नाही, मास्टर. नीट विचारून या."

रिकाम्या हाताने परतलो.

काल शुक्रवार, सुट्टी. दोह्यात, फरीज बिन ओमरानच्या माझ्या खोलीवरून तिला फोन लावला. एरवी जेवलीस का, तब्येत कशी, खलास. चार मिनिटांत संपतो आमचा फोन. काल विचारलं, आत्ता कोणत्या रंगाचा ड्रेस घातलायस?

ती हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?"

बरा आहे म्हटलं... मग सांगितलं तिने. मोहरीसारखा पिवळा. हिरवा तर तिला कॉलेजपासूनच आवडत नाही.

डायरीत लिहून ठेवलंय. त्या म्हाताऱ्याचे आभार, त्याने कापड विकलं नाही. आता घाई नाही... अजून बरंच विचारायचं राहिलंय.