मेजर घरात आहेत

“साहेब घरात नाहीत. नुसती अम्मा आहे,” शिडीवरच्या माणसाने खालच्या सोबत्याला तमिळमध्ये सांगितले. सोबत्याने तारेचे भेंडोळे जमिनीवर ठेवले आणि दोघेही साहेबांची वाट पाहत विड्या ओढू लागले. टेलिफोन कुठे बसवायचा हे साहेबांशिवाय कोण सांगणार? कुंपणाच्या अलीकडे मी कपडे वाळत घालत होते आणि पलीकडे त्या ‘नुसत्या अम्मा’ मोठी कात्री घेऊन जास्वंद छाटत होत्या. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि मागच्या दाराने त्या आत गेल्या. पायांत बूट चढवले, लेस बांधल्या, पदर खोचला, आणि पुढच्या दाराने पुन्हा बाहेर आल्या. “मेजर आल्या आहेत,” त्या म्हणाल्या. “बोला, काय काम आहे?” शिडीवरचा माणूस खाली उतरला. विडी कुठे विझवावी हे त्याला कळेना, म्हणून त्याने ती खिशात ठेवली.

अड्यारमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या या बाईंनी एकटीने मद्रास शहराला जेवढे वळण लावले, तेवढे इंग्रजांना तीनशे वर्षांत जमले नसेल. सैन्यातल्या नर्सेसना अधिकाऱ्यांचे हुद्दे असतात, हे मला त्यांच्यामुळे कळले. युद्धात आसामच्या बाजूला तंबूतल्या इस्पितळात त्या लेफ्टनंट झाल्या, मग उत्तरेतल्या छावण्यांतून फिरत फिरत मेजर झाल्या आणि त्याच हुद्द्यावर निवृत्त झाल्या. हुद्दा निवृत्तीनंतरही वापरता येतो असे सरकारने त्यांना लिहून दिले होते, आणि सरकारचा शब्द खाली पडू द्यायचा नाही असा त्यांचा निश्चय होता. घराणे तंजावरकडचे मराठी. आम्ही ‘गं’ म्हणतो तिथे त्या ‘गे’ म्हणत, वाक्याच्या शेवटी तमिळ हेल काढत, आणि जवळजवळ सगळेच आज्ञार्थी बोलत. मला टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे रोज दोनदा त्या आमच्याकडे आल्या, आणि त्या तीन आठवड्यांत मी त्यांच्या तोंडून जे ऐकले त्याची बेरीज “हात,” “जीभ,” “झोप” एवढीच होईल.

त्यांचा नियम साधा होता. पैसे घेऊन जो काम करतो त्याने हुद्दा म्हणायचा. “फुकट माया करणाऱ्यानं काहीही म्हणावं,” त्या सांगत, आणि म्हणून माझी आई त्यांना अक्का म्हणे, गल्लीतली पोरे काहीबाही म्हणत आणि त्याबद्दल कधी तक्रार नसे. पण दारात म्हैस आणून दूध काढून देणाऱ्या दूधवाल्याची गोष्ट वेगळी. तो बिचारा जन्मभर सगळ्या बायकांना अम्मा म्हणत आला होता. पहिल्या दिवशी त्यांनी त्याची नखे तपासली, दुसऱ्या दिवशी त्याला शब्द शिकवला. त्याने आठवडाभर मधली वाट काढून पाहिली आणि ‘मेजरम्मा’ म्हणू लागला. मद्रासला ते फार गोड वाटते, कारण तिथे डॉक्टरम्मा असतात, टीचरम्मा असतात. मेजरनी भांडे मागे घेतले. “सैन्यात मेजरम्मा असा हुद्दा नाही,” त्या म्हणाल्या. तीन दिवस त्यांनी काळी कॉफी प्यायली. चौथ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडापासूनच आरोळी ऐकू आली, “मेजर, पाल!”, म्हणजे मेजर, दूध, आणि माझे वडील शपथेवर सांगत की त्या वेळी म्हशीनेही पाय जुळवले.

शिंप्याच्या वहीत, भाजीवालीच्या तोंडी, विजेच्या बिलावर, सगळीकडे हळूहळू मेजर उगवले. याचे घोटाळे होत, पण घोटाळ्याने त्या डगमगत नसत. एकदा लाँड्रीवाल्याने त्यांच्या खळ घातलेल्या सहा साड्या दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या एका निवृत्त मेजरसाहेबांकडे पोहोचवल्या आणि साहेबांच्या पँटी यांच्याकडे. हे मेजर पुरुष, मिशीवाले, रसदीच्या खात्यातले. आमच्या मेजर पँटी हातावर टाकून चालत त्यांच्याकडे गेल्या, आणि पँटी उचलायला नको का कोणीतरी म्हणून मीही मागे गेले. साहेबांनी साड्यांचा गठ्ठा घेऊनच दार उघडले. देवघेव होण्यापूर्वी यांनी त्यांना विचारले की तुम्ही मेजर कधी झालात. त्यांनी साल सांगितले. यांनी आपले सांगितले. यांचे साल दोन वर्षे आधीचे निघाले. “मग आधी सॅल्यूट तुमचा,” त्या अगदी सभ्यपणे म्हणाल्या. साहेबांनी एका हातात साड्या धरून दुसऱ्याने कडक सॅल्यूट ठोकला. पुढे त्या बाजूने आम्ही जायला लागलो की ते आरामखुर्चीतून उठून उभे राहत, आणि मला वाटते त्यांनाही त्यात बरे वाटत असावे, कारण इतर कोणासाठी उठायचे प्रसंग त्यांच्या आयुष्यात उरले नव्हते.

हे सगळे हसण्यासारखे होते आणि आम्ही हसत असू. पण मैलापूरला त्यांचा मोठा भाऊ राहत असे, आणि तिथे हसण्यासारखे काही नव्हते. आपल्यासारख्यांच्या घरातली मुलगी परक्या पुरुषांची अंगे पुसते, हे त्याला कोणाला सांगता आले नाही. म्हणून बहीण उत्तरेत शाळेत शिकवते असे तो लोकांना सांगू लागला, आणि वीस वर्षे सांगत राहिला. मेजरना याचा पत्ता नव्हता. निवृत्त होऊन त्या परत आल्या आणि पुतणीच्या लग्नाला गेल्या, तेव्हा पंगतीत शेजारी बसलेल्या एका बाईंनी कौतुकाने विचारले की तुम्ही कोणता विषय शिकवत होतात. त्यांनी एकवार भावाकडे पाहिले. तो दुसरीकडे पाहत होता.

“बेडपॅन,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर मैलापूरचे बोलावणे आले नाही. हे त्यांनीच मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितले आणि देठ टाकावे तसे टाकून दिले.

टेलिफोनसाठी त्यांनी नाव नोंदवले होते ते याच सुमाराला, आणि तो आला कितीतरी वर्षांनी. त्यांना टेलिफोन कशाला हवा हे आम्हाला कळत नसे. ज्यांना इंजेक्शन हवे असे ते कुंपणावरून हाक मारत. पण यंत्र बसले त्या दिवशी त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. “आता पुस्तक कधी निघणार?” एवढेच विचारले. टेलिफोनचे पुस्तक. ते ज्याच्या ज्याच्या घरी टेलिफोन आहे त्याच्या घरी जाते. भावाच्या घरी टेलिफोन होता. दोघांचे आडनाव एक, आणि आद्याक्षरे अशी की भावाच्या ओळीखालची ओळ बहिणीची येणार. “पेन्शनचा कागद मी एकटीच वाचते गे,” त्या म्हणाल्या. “हे त्याच्या घरात वर्षभर राहील.”

आणि योगायोग असा की ते पुस्तक आमच्या छापखान्यात छापले जायचे होते. मला माउंट रोडवरच्या एका छापखान्यात मुद्रिते वाचायची नोकरी लागून आठ महिने झाले होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझे इंग्रजी उच्चार स्वच्छ आहेत असे तिथे ठरले होते, म्हणून मूळ कागद हातात धरून मोठ्याने वाचायचे काम माझे. समोर हेड रीडर छापील प्रूफ घेऊन बसत आणि फरक दिसला की खूण करत. ते वयस्कर होते, चांगले होते, आणि सतत तपकीर ओढत. तिचे कण प्रूफावर पडले की कंपोझिटर त्यांना पूर्णविराम समजून बसवून टाकी. मला हे काम मनापासून आवडे. दिवसभर बोलायचे, स्वल्पविरामसुद्धा म्हणून दाखवायचा, आणि त्यात स्वतःचे एक अक्षर नाही. माझ्यासारखीला याहून सुरक्षित जागा मिळाली नसती.

पुस्तकाचा मजकूर म्हणून टेलिफोनच्या कचेरीतून अर्जांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे आले तेव्हा मी त्यांची चिठ्ठी शोधून काढली. अर्जावर मिस्टर, मिसेस, मिस असे छापलेले असे आणि लागू नसेल ते खोडायचे असे. मेजरनी तिन्ही शब्द पट्टी धरून खोडले होते आणि मोठ्या अक्षरांत मेजर लिहिले होते. तिथपर्यंत ठीक होते. पण बाईचे नाव आणि पुढे मेजर, म्हणजे मेजरची बायको, घाईत मिसेस राहून गेले असणार, अशी कोणा सज्जनाने समजूत करून घेतली होती आणि लाल शाईने ते भरून काढले होते. मिसेस मेजर. संध्याकाळी मी कुंपणापाशी जाऊन, बराच वेळ जास्वंदीबद्दल बोलून, शेवटी हे सांगितले.

त्यांनी हातातली कात्री मिटली. मग म्हणाल्या, “म्हणजे मी माझीच बायको?”

दुसऱ्या दिवशी बूट घालून, सगळे कागद घेऊन त्या टेलिफोनच्या कचेरीत गेल्या. तिथला कारकून अतिशय नम्र होता असे त्यांनीच सांगितले. त्याने खुर्ची दिली. मिसेस काढायचे तर यजमानांचे पत्र लागेल म्हणाला. यजमान नाहीत म्हटल्यावर त्याने आवाज खाली आणला आणि मृत्यूचा दाखला आणा म्हणून सुचवले. कोणाचा, असे यांनी विचारले, तेव्हा तो गोंधळला आणि चिठ्ठ्या आता छापखान्याच्या हातात गेल्या, पुढच्या वर्षीच्या पुस्तकात बघू, असे म्हणून मोकळा झाला. परत आल्यावर त्यांनी टेलिफोन काढून न्यावा असे पत्र लिहिले आणि तिकीट लावून टेबलावर ठेवले. मैलापूरला ‘मिसेस’ जायचे असेल तर त्यांना टेलिफोन नको होता. वीस वर्षे ज्याने त्यांना शिक्षिका केले त्याच्या ओळीखाली कोणाची तरी बायको म्हणून वर्षभर बसायचे नव्हते. मी टेबलावरच्या पाकिटाकडे पाहते आहे हे त्यांच्या लक्षात आले. “तू यात पडू नकोस गे,” त्या म्हणाल्या. “तुझी नोकरी नवी आहे.” माणसाला काय जमणार नाही हे त्यांना नाडी पाहावी तसे कळे. मला राग आला नाही. खरेच होते ते.

आता आम्ही मद्रासमध्ये नाही. वडिलांची नागपूरला बदली झाली आणि मी त्यांच्याबरोबर आले. इथला दूधवाला सायकलवरून येतो, “बाई, दूध” म्हणतो, आणि अजूनही क्षणभर मला वाटते की पलीकडून कोणीतरी त्याला थांबवील. कोणी थांबवत नाही. त्यांची पत्रे येतात, चार ओळींची, सगळी आज्ञार्थी. जेव, झोप, लोह असलेले खा. खाली सहीत हुद्दा नसतो, नुसते नाव असते. इथे मी ते लिहीत नाही. ते छापायचे तर हुद्द्यासकट छापावे लागेल.

मद्रासला, त्याच आठवड्यात गुरुवारी, छापखान्यात त्यांच्या आडनावाच्या अक्षराची पाळी आली. हेड रीडरनी चिमूटभर तपकीर ओढली, प्रूफ सरळ केले आणि मान हलवली. मी वाचू लागले. भावाची ओळ आली. नाव, आद्याक्षरे, मैलापूरचा पत्ता, नंबर. पुढची चिठ्ठी वर घेतली. लाल शाईतला शब्द चांगला ठळक होता. मी आडनाव वाचले, आद्याक्षरे वाचली, मेजर वाचले, अड्यारचा पत्ता वाचला, नंबर वाचला.

हेड रीडरचे पेन थांबले. “इथे मिसेस आहे,” ते म्हणाले. “चिठ्ठीवर नाही?”

चिठ्ठीवर आहे, मी सांगितले, पण ते चुकीचे आहे. त्या कोणाच्या मिसेस नाहीत, स्वतःच मेजर आहेत. हे मी इतक्या हळू सांगितले की त्यांनी मला पुन्हा सांगायला लावले, आणि दुसऱ्यांदा ते पलीकडच्या टेबलापर्यंत ऐकू गेले. तिथले वाचन थांबले. आठ महिन्यांत मी या खोलीत कागदावर नसलेले एकही वाक्य बोलले नव्हते.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. ते रागावले नव्हते, पण छापखान्याचा नियम त्यांनीच मला पहिल्या दिवशी शिकवला होता. मूळ कागदाच्या विरुद्ध काही बदलायचे तर कडेला सांगणाऱ्याचे नाव लिहायचे. पुढे तक्रार आली तर त्या नावाला जबाब द्यावा लागतो, आणि नवीन माणसाला जबाब देण्यापेक्षा घरी जाणे सोपे पडते. कचेरीचे पत्र आहे का, त्यांनी विचारले. नाही म्हटले. त्या बाईंनी तसे सांगायला सांगितले का? तेही नाही म्हटले. त्यांनी मिसेसवर एक आडवी रेघ ओढली, पेन समासात नेले आणि तिथेच धरून ठेवले.

“मग कोणाच्या सांगण्यावरून लिहू?”

“माझ्या,” मी म्हटले.