यजमान ओ देत नाहीत

विनिता घाग ठाण्याच्या एका कॉलेजात सतरा वर्षं कॉम्प्युटर लॅबची शिपाई होती. पदवीच्या नावानं शून्य, पण कान तिखट. सर शिकवायचे, ती मागे उभी राहून ऐकायची आणि वहीत मराठीत उतरवून घ्यायची. खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा एक मानीव कॉम्प्युटर चालवतात. बाहेरचा होस्ट, आतला गेस्ट. वहीत होस्ट झाला 'यजमान' आणि गेस्ट 'पाहुणा'. एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला 'आहेस का?' विचारायचं ते पिंग म्हणजे 'हाक', आणि उत्तर आलं तर 'ओ दिली'.

तिचे घरचे यजमान, म्हणजे नवरा, दिवा गावातल्या घरी बसून होते. कंपनी बंद पडली त्याला आठ महिने झाले. माणूस वाईट नव्हता हो, पण तोंडाला कुलूप. स्वयंपाक करायचे, सकाळी हिचा डबा भरून ठेवायचे, आणि "अहो" म्हटलं की भिंतीकडे बघायचे. विनिता आधी रडली, मग भांडली, शेवटी तिनं हाक मारणंच सोडलं.

यंदा लॅब असिस्टंटची जागा निघाली आणि कधी नव्हे ते शिपायांनाही प्रॅक्टिकल द्यायची मुभा मिळाली. पुढच्या वर्षी तिचं वय उलटणार होतं, तेव्हा हीच पहिली आणि हीच शेवटची संधी.

परीक्षेला बाहेरच्या रसिका मॅडम. काम एकच: होस्ट आणि गेस्टचं एकमेकांशी बोलणं सुरू करून द्या. विनितानं पाहुण्याला दुसरं नेटवर्क कार्ड जोडलं, दोघांना एकाच आळीतले पत्ते दिले. यजमानांनी हाक मारली, पाहुण्यानं लगेच ओ दिली. मग पाहुण्यानं हाक मारली. काहीच नाही. पुन्हा मारली. पडदा ढिम्म.

शेजारच्या पदवीधर सर्वेशनं बाहेरचं आत येऊ न देणारी अख्खी फायरवॉलच सरळ बंद केली आणि हात वर करून मोकळा झाला.

"तुमचं काय अडलं?" मॅडमनी विनिताला विचारलं.

"यजमान ओ देत नाहीत मॅडम," ती वहीतलंच बोलून गेली.

"अहो, घरचं घरी बघा!"

लॅबभर हशा पिकला. विनिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याच क्षणी तिच्या डोक्यात लखकन उजेड पडला. मघाशी यजमानांनीच तर हाक मारली होती! म्हणजे ते आहेत, बोलतातही. फक्त बाहेरून येणाऱ्या हाकेला दार लावून बसलेत. तिनं यजमानांच्या फायरवॉलची सेटिंग उघडली, पिंग आत येऊ देणारा तेवढा एक नियम चालू केला. पडद्यावर भराभर उत्तरं आली.

"सगळी बंद का नाही केली?" मॅडम आता हसत नव्हत्या.

"घर सताड उघडं कसं टाकणार मॅडम? हाकेपुरतं उघडलं की झालं."

दुपारी निवडीची यादी लागली, त्यात सर्वेशचं नाव दुसरं होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर विनिता निवडीचे आणलेले पेढे सोडायचे विसरून हातातल्या रिकाम्या डब्याकडेच बघत राहिली. आठ महिने रोज भरलेला डबा. रोजची एक हाक, आणि हिनं एकदाही ओ दिली नव्हती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"अहो," ती म्हणाली, "वालाची उसळ आज मस्त झालेली."

ते भिंतीकडेच बघत होते.

"मीठ कमी पडलेलं ना गं?"