बाईस बोर

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे मला सगळं येतं अशी घरच्यांची समजूत आहे, आणि ती मोडायचा धीर मला अजून झालेला नाही. मराठी मला बोलता येतं. लिहिताना मात्र प्रत्येक वेलांटीशी थांबावं लागतं. आणि आकडे तर सगळे हिंदीतच तोंडात येतात, कारण गणित हिंदीत शिकलो. ही शेवटची गोष्ट तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मलाही वाटायची.

मी इकडे हिंदी मुलखात, धारला शिकतो. बाबांचं देवासला मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. बोरवेलच्या जळलेल्या मोटरी ते नव्यानं भरून देतात (त्यांच्या हिशेबी जगात दोनच प्रकारची माणसं असतात, ज्यांच्या बोराला पाणी आहे ती, आणि बिचारी). बिचाऱ्यांमध्ये सगळ्यात वर नाव बाबांच्या थोरल्या बहिणीचं. तिला आम्ही सगळे बाई म्हणतो. ती हाटपिपल्याला राहते, थोडी शेती करते आणि उरलेला वेळ बोर मंजूर व्हावा म्हणून सरपंचाच्या मागे फिरते. सरपंच तिला लांबून पाहिलं की गल्ली बदलतो.

आता कॉलेजकडे येतो. धारला आमच्या कॉलेजचा रायफल क्लब आहे. तिथे शिकवतात ते फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. टीममध्ये एक जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी आम्ही दोघं होतो, मी आणि बदनावरचा लोकेंद्र. लोकेंद्र माझ्यापेक्षा उंच, माझ्यापेक्षा धीट, आणि त्याचा नेमही माझ्याइतकाच बरा. मला ती जागा किती हवी होती ते सांगताना लाज वाटते. आमच्या घराण्यात आजवर कुणाचं नाव कुठल्या टीमच्या यादीत आलेलं नाही.

उस्ताद एक दिवस म्हणाले, "क्लब के लिए नई राइफल आ रही है. बाईस बोर. अब तुम दोनों सोच के बताओ, नाल सोलह इंच की लें या चौबीस की, और गोली कौन सी. इतवार को दस बजे. जो समझ के बोलेगा, उसका पलड़ा भारी."

लोकेंद्र मला बाहेर म्हणाला, "अपन तो छोटी नाल बोलेंगे भिया. हल्की रहती है. और गोली सबसे तेज वाली."

त्याचं ठरलंसुद्धा. मी मात्र खोलीवर बसून विचार करत राहिलो. वाचलं ते असं, की बाईस बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आणि या छोट्या काडतुसात दारू इतकी थोडी असते की सोळा इंचांपर्यंत तिचा जोर संपून जातो. त्यापुढे नळी वाढवली तरी गोळीचा वेग काही वाढत नाही. मग लांब नळी घ्यायची कशाला? आणि गोळीचं तर त्याहून विचित्र. फार वेगवान गोळी आवाजाला मागे टाकून निघते, वाटेत मंदावते, आणि मंदावताना डगमगते. म्हणजे हळू गोळीच जास्त सरळ जाते. (हे वाचून मला फार बरं वाटलं. आयुष्यात प्रथमच कुणीतरी माझी बाजू घेतली होती.) तरीही निर्णय होईना. शेवटी वाटलं, बाबांचा सगळा जन्म नळ्या आणि पाइपांत गेला. त्यांना विचारावं.

आयुष्यात मी बाबांचा सल्ला मागितल्याची ही पहिलीच वेळ. फोन लावला तेव्हा दुकानात ग्राइंडर चालू होता.

"बाबा, बाईस बोर घ्यायचं ठरलंय," मी ओरडून सांगितलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात अजून जुनं मराठी चालतं. 'बाईला' असं कुणी म्हणत नाही. 'बाईस चहा दे', 'बाईस नमस्कार कर' असंच म्हणतात. आणि हिंदीत ज्याला बाईस म्हणतात त्या आकड्याला मराठीत बावीस म्हणतात. हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

पलीकडे ग्राइंडर बंद झाला.

"काय म्हणालास? बाईस बोर?"

"हो."

"कोण देतंय?"

"कॉलेज देतंय. मला फक्त निवडायचंय. उस्ताद म्हणाले, तू सांगशील तसं."

बाबांनी स्टूल ओढून घेतल्याचा आवाज आला. मग घसा खाकरून म्हणाले, "विचार. काय विचारायचंय ते विचार."

"नळी सोळा घेऊ की चोवीस?"

"चोवीस. आपल्याकडच्या काळ्या मातीत सोळानं भागत नाही. वरचं सगळं आत ढासळतं."

मातीचा संबंध मला कळला नाही, पण बाबांना उलट विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. "आणि गोळ्या?" मी विचारलं.

"गोळ्यांचंसुद्धा तूच बघणार?" त्यांचा आवाज भरून आला होता. "हळू काम करणाऱ्या घे. त्या फसफसणाऱ्या, घाईच्या असतात ना, त्यांचा नुसता दिखावा. आणि सुरुवातीला गाळ येईल, घाबरू नकोस. साफ करत राहायचं."

मी थक्क झालो. हळू गोळी, नळीत साठणारा गाळ, नियमित सफाई. पहिलं मी वाचलं होतं, बाकीचं उस्तादांनी शिकवलं होतं, आणि बाबांना ते दुकानात बसल्याबसल्या माहीत होतं. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मी त्यांच्याबद्दल फार आदरानं विचार केला.

सकाळी आईचा फोन. "अरे, तू बाईस बोर घेतोयस ते खरं का?"

"हो आई. बाईस बोरच. त्याहून मोठं चालत नाही, नियम आहे."

"त्याहून मोठं तिला कशाला लागतंय. ती रडतेय नुसती."

"कोण?"

"बाई. कालपासून रडतेय. आनंदानं रे."

माझ्या नेमबाजीवर बाईचं इतकं प्रेम असेल अशी मला कल्पना नव्हती. माझेही डोळे पाणावले. तेवढ्यात बाईचाच फोन आला.

"बाळा, खूप शिक. किती फूट जाणार ते सांग."

"बाई, फुटात नसतं. चोवीस इंच."

"चोवीस इंच? एवढ्यात तर कांदासुद्धा लागत नाही."

"पुरतं बाई. त्याहून लांब करून जोर वाढत नाही."

"जोर किती असेल?"

"पन्नास मीटरपर्यंत सरळ जाते."

"पन्नास मीटर. म्हणजे गोठ्यापर्यंत येईल."

"गोठ्याकडे मारायची नाही बाई. त्याला परवानगी नाही."

"बरं, गोठ्याला नाही मारत," बाई समजूतदारपणे म्हणाली. "शेतातच वापरते. पण पक्कं कधी होणार?"

"रविवारी दहाला. उस्तादांसमोर."

"मग मी येते. माझ्यासमोरच पक्कं होऊ दे."

नंतर कळलं की फोन ठेवल्याबरोबर बाईनं पाणाड्याला बोलावलं. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून सगळं शेत फिरला, आणि जिथे नारळ उभा राहिला तिथे बाईनं हळदकुंकू वाहून तोच नारळ फोडला. जमलेल्या लोकांना तिनं चहा दिला. सरपंचाला मुद्दाम दोन कप.

रविवारी उस्तादांनी आधी लोकेंद्रला विचारलं. तो म्हणाला, छोटी नाल, तेज गोली. कारण विचारल्यावर म्हणाला, "मजा आती है उस्ताद." मग माझ्याकडे वळले. मी चाचरत म्हणालो, "लंबी नाल. चौबीस. वेग बढ़ता नहीं, पर..." पुढचं आठवेना. घाबरून मी बाबांचं वाक्य सांगून टाकलं. "नहीं तो मिट्टी धँसती है."

"क्या धँसती है?"

"मिट्टी, उस्ताद. और गोली धीमी वाली. तेज वाली का सिर्फ दिखावा है. और शुरू में गाद आएगी, सफाई करते रहना."

उस्तादांनी चष्मा काढला. मातीचं त्यांना समजलं नव्हतं, पण बाकीचं ऐकून त्यांचा चेहरा खुलला. "नाल लंबी, तो निशाना साधने के आगे-पीछे के दोनों निशान दूर-दूर. आँख की गलती जल्दी पकड़ में आती है. ठीक बोला. किसने सिखाया?"

"पिताजी ने."

"फौज में थे?"

मी उत्तर देणार तोच फाटकाशी रिक्षा थांबली. बाबा उतरले, इस्त्रीच्या शर्टात. मागून बाई, ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात पिशवी. उस्तादांनी लगेच गोळीबार थांबवायला सांगितला, सगळ्यांच्या रायफली खाली ठेवायला लावल्या आणि ते फाटकाकडे गेले. मी मागोमाग.

"मुझे देखने आए हैं उस्ताद," मी ओळख करून दिली.

"तुला काय बघायचंय," बाई म्हणाली. "तुला पाळण्यात असल्यापासून बघतेय. मशीन कुठाय?"

"कौन सी मशीन, माताजी?"

बाबांनी हात जोडले. "साहब, वो बाईस बोर."

"अच्छा, बाईस बोर. वो रही." उस्तादांनी टेबलाकडे बोट केलं. तिथे क्लबची जुनी रायफल उघडून ठेवली होती.

बाईनं टेबलाकडे पाहिलं. टेबलाखाली पाहिलं. टेबलामागे ट्रक उभा आहे का तेही पाहिलं.

"यही है बाईस बोर, माताजी," उस्ताद पुन्हा म्हणाले.

"मीच ती बाई," बाई म्हणाली. "बोर कुठाय?"

पहिल्यांदा समजलं ते बाबांना. त्यांनी रायफलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रात्रभर खपून भरलेल्या मोटरीतून बटण दाबताच धूर निघावा, तसा त्यांचा चेहरा झाला.

"बावीस," ते हळूच म्हणाले. "बावीस म्हणायचं रे. आपल्यात बावीस म्हणतात."

"मला वाटलं तुम्हाला..."

"आणि गोळ्या?"

"काडतुसं, बाबा."

"मी पाण्यात टाकायच्या सांगितल्या. क्लोरीनच्या. आणि नळी म्हणजे बोरात घालायचा केसिंग पाइप, चोवीस फूट."

हे सगळं उस्तादांना हिंदीत समजावून सांगायची जबाबदारी अर्थातच घरातल्या शिकलेल्या माणसावर आली. मी सांगत गेलो तसतसे ते आधी हसले, मग आणखी हसले, आणि मग एकदम हसायचे थांबले.

"मतलब तूने जो बताया, वो सब बोरवेल का था?"

"गोली का मैंने भी पढ़ा था, उस्ताद."

"और मिट्टी?"

मी बाबांकडे बोट केलं. मागे लोकेंद्र दुसरीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

"फिर तुझे टीम में कैसे लूँ?" उस्ताद म्हणाले. "चल, दस गोली मार के दिखा. फिर सोचता हूँ."

बाबा म्हणाले, आपण जाऊ या. बाई म्हणाली, "भाडं खर्चून आलेय, नेम तरी बघते. गावात काय सांगायचं त्याचा विचार इथेच बसून करते." ती उस्तादांच्या खुर्चीत बसली. उस्ताद उभे राहिले.

मी पालथा पडलो, श्वास धरला, पहिली गोळी मारली.

"डावीकडे गेली," मागून बाई म्हणाली.

उस्तादांनी दुर्बिणीला डोळा लावला. "बाएँ गई," ते म्हणाले.

दुसरी मारली. "अजून डावीकडे."

"और बाएँ."

"सांग त्याला, उजवीकडे मार म्हणावं," बाईनं बाबांना सांगितलं. बाबांनी मला सांगितलं. पुढच्या गोळ्या कशा मारल्या ते मला आठवत नाही. शेवटच्या काही बऱ्या बसल्या एवढं खरं. उस्ताद फक्त म्हणाले, "बता दूँगा." जाताना बाई माझ्याशी बोलली नाही. पिशवीतले लाडू मात्र उस्तादांना देऊन गेली.

उस्तादांचा फोन लवकर येईना. लोकेंद्र रोज विचारायचा, "भिया, पानी आया क्या?" मी हसायचो, खोलीवर येऊन फोन बघत बसायचो. अखेर एका संध्याकाळी फोन आला. नवी रायफल चोवीसचीच घेतली होती, गोळ्याही कमी वेगाच्या. टीममध्ये लोकेंद्र. "और तू रिज़र्व में. तैयारी रखना. किसी को बुखार आया, तो तू जाएगा."

लोक याला काय म्हणतील माहीत नाही, पण मला तर आभाळ ठेंगणं झालं. घरी कळवायचं होतं, आणि या वेळी ठरवलं की हिंदीचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही. रिझर्व्हला मराठीत काय म्हणतात ते मुद्दाम शोधलं. वाक्य तीनदा मनात म्हटलं. मग फोन लावला.

"बाबा, मी निवडून आलो. राखीव जागेवर."

"शाब्बास," बाबा म्हणाले. आणि फोन न ठेवताच दुकानात ओरडून सांगितलं, पोरगा निवडून आला. 

काल आईचा फोन आला. हाटपिपल्यात पेढे वाटून झाले आहेत. बाईनं सरपंचाला निरोप धाडलाय, की तुमच्याकडे आता आमचं काही काम नाही, आमचा मुलगा निवडून आलाय, बोराचं तो बघेल.

"आणि बाई विचारतेय," आई म्हणाली, "ती जागा महिला राखीव तर नव्हती ना? म्हणतेय, आधी सांगितलं असतंस तर मीच उभी राहिले असते."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. योग्य शब्द शोधतो आहे.